आधी खेळाडू, मग समिती : नौरूच्या ऑलिंपिक समितीची वाटचाल

क्रीडासंस्थांचे इतिहास बहुधा एकाच क्रमाने लिहिले जातात. काही ध्येयवेडी माणसे एकत्र येतात, घटना लिहितात, संस्थेची नोंदणी करतात, मैदान मिळवतात, स्पर्धा भरवतात. मग दोन-तीन पिढ्यांनी त्या मैदानातून एखादा खेळाडू पुढे येतो आणि संस्थेचे नाव उजळतो. प्रशांत महासागरातल्या नौरू या चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा इतिहास या क्रमात बसवता येत नाही. नौरूचे वेटलिफ्टर मार्कस स्टीफन यांनी ऑकलंडच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते १९९० साली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नौरूच्या समितीला मान्यता दिली ती १९९४ साली. राष्ट्राला कीर्ती मिळवून देणारा खेळाडू आधी आला आणि त्याला ऑलिंपिकमध्ये पाठवू शकणारी संस्था चार वर्षांनी आली. या लेखाचे म्हणणे असे की हा उलटा क्रम हाच नौरूच्या क्रीडा इतिहासाचा गाभा आहे. समितीचे बळ त्यातूनच आले आहे आणि तिच्या आजच्या अडचणींचे मूळही त्यातच आहे.

या दाव्याचे वजन कळायला त्या देशाचे आकारमान लक्षात घ्यावे लागते. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले हे एकच बेट, क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १९९० च्या सुमारास दहा हजारांच्या आसपास. किनाऱ्यालगत वस्तीची अरुंद पट्टी आणि मधोमध ‘टॉपसाइड’ म्हणून ओळखले जाणारे पठार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथले फॉस्फेट खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पसरले गेले आणि पठाराच्या जागी चुनखडीचे उघडे सुळके उरले. या समाजाने आपले अस्तित्व डोकी मोजून राखले आहे, आणि हे शब्दशः खरे आहे. १९२० च्या सुमारास आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने बेट खिळखिळे केले, तेव्हा वंश टिकायचा तर किमान १,५०० माणसे हवीत असे ठरले. तो आकडा १९३२ च्या २६ ऑक्टोबरला गाठला गेला आणि तो दिवस ‘अंगाम दिन’ म्हणून आजही पाळला जातो. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर मजुरीसाठी हलवले. त्यांतले ७३७ जण १९४६ च्या ३१ जानेवारीला घरी परतले. स्वातंत्र्यासाठी १९६८ साली हाच ३१ जानेवारी निवडला गेला. ज्या लोकांचे राष्ट्रीय सण आपण किती उरलो याच्या हिशेबावर उभे आहेत, त्यांच्या दृष्टीने जगाच्या यादीत आपले नाव असणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब उरत नाही. नौरूच्या क्रीडा पथकाकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

मार्कस स्टीफन यांचा जन्म १९६९ चा, म्हणजे स्वतंत्र नौरूच्या पहिल्या पिढीचा. ऑस्ट्रेलियात शिकत असताना ते वेटलिफ्टिंगकडे वळले आणि मेलबर्नचे नामवंत प्रशिक्षक पॉल कॉफा यांच्या हाताखाली तयार झाले. ऑकलंडला ६० किलो वजनी गटात त्यांनी स्नॅचचे सुवर्ण आणि आणखी दोन रौप्यपदके मिळवली. त्या गटात एकूण वजनाचे सुवर्ण भारताच्या परवेश चंदर शर्मा यांचे होते, त्यामुळे भारतातल्या वेटलिफ्टिंगप्रेमींनाही त्या निकालपत्रकात ‘नौरू’ हे नाव पहिल्यांदाच वाचायला मिळाले असणार. राष्ट्रकुलाचे दार छोट्या देशांना तुलनेने सहज उघडते. ऑलिंपिकचे तसे नाही. ऑलिंपिक सनदेनुसार राष्ट्रीय समितीला मान्यता हवी असेल तर ऑलिंपिक खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांशी संलग्न अशा किमान पाच राष्ट्रीय संघटना तिच्याकडे असाव्या लागतात. दहा हजार वस्तीच्या बेटावर पाच खेळांच्या पाच रीतसर संघटना, त्यांचे पदाधिकारी, त्यांच्या घटना आणि वार्षिक हिशेब ही किती मोठी मागणी आहे याची कल्पना गावातली एखादी तालीम चालवलेल्या माणसालाही येईल. १९९२ पर्यंत नौरूला ती पुरी करता आली नव्हती. परिणाम असा झाला की राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेत्या स्टीफन यांनी सामोआचे नागरिकत्व घेतले आणि बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये ते सामोआच्या पथकातून उतरले.

समितीच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि तो समिती अस्तित्वात येण्यापूर्वीचा आहे. खेळाडू होता, कसब होते, प्रशिक्षक होता, आंतरराष्ट्रीय पदकही होते. नव्हता तो फक्त एक कागद. त्या एका कागदाअभावी नौरूच्या सर्वांत गुणी खेळाडूला दुसऱ्या देशाचे चिन्ह छातीवर लावावे लागले. ‘गुणवत्ता असली की संस्था लागत नाही’ असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे. पण तितकेच खरे हेही की संस्था उभी करण्याची निकड बेटावर पटली ती या उदाहरणामुळे. नुसत्या सरकारी ठरावातून किंवा क्रीडाप्रेमाच्या भाषणांतून पाच संघटना उभ्या राहिल्या नसत्या. आपला माणूस परक्या झेंड्याखाली उभा राहिलेला लोकांनी पाहिला, आणि दोनच वर्षांत समितीला मान्यता मिळाली. १९९६ साली अटलांटामध्ये नौरूचे पथक प्रथमच स्वतःच्या ध्वजासह उतरले : स्टीफन, जेरार्ड गाराबवान आणि क्विन्सी डेटेनामो, तिघेही वेटलिफ्टर. निळ्या ध्वजावरची पिवळी पट्टी विषुववृत्ताची आणि तिच्याखालचा बारा टोकांचा पांढरा तारा नौरूच्या बारा कुळांचा.

इथे सनावळीतला एक तपशील फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. अटलांटात हा ध्वज फडकला तेव्हा नौरू संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नव्हते. ते सदस्यत्व मिळाले १९९९ साली. राष्ट्रकुलातही १९६८ पासून नौरूचा दर्जा ‘विशेष सदस्य’ एवढाच होता. पूर्ण सदस्यत्व १९९९ सालीच मिळाले. म्हणजे राजनैतिक जगाने नौरूला पूर्ण खुर्ची देण्याआधी तीन वर्षे ऑलिंपिकच्या संचलनात त्याला इतर कोणत्याही देशाइतकीच जागा मिळाली होती आणि राष्ट्रकुलाच्या विजयमंचावर नौरूचे खेळाडू त्याच्याही आधी उभे राहिले होते. क्रीडा पथकामुळे राजनैतिक मान्यता मिळाली असा दावा मी करणार नाही. तसा कार्यकारणभाव दाखवणारा पुरावा माझ्यासमोर नाही, आणि संयुक्त राष्ट्रांत जायचे की नाही हा नौरूच्या सरकारचा स्वतंत्र निर्णय होता. पण राष्ट्र म्हणून जगासमोर उभे राहण्याचा सराव या देशाने आधी वेटलिफ्टिंगच्या मंचावर केला, हे या तारखा स्पष्टपणे सांगतात.

यावर पहिला आक्षेप पैशाचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. नौरूने १९६७ च्या करारानुसार फॉस्फेटच्या खाणी २१ दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतल्या, १९७० पासून उत्पन्न स्वतःच्या हाती आले आणि सत्तरच्या दशकात हा देश दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांमध्ये गणला गेला. मुलांनी ऑस्ट्रेलियात शिकावे, तिथल्या प्रशिक्षकांकडे घडावे हे त्या पैशामुळेच शक्य झाले. तेव्हा ही कर्तबगारी माणसांची नसून खनिजाची आहे, असे आक्षेपक म्हणतात. पैशाने पहिले दार उघडले हे मान्य करायलाच हवे. परंतु त्याच पैशाने काय काय उभे केले आणि त्यातले काय टिकले, हेही बघायला पाहिजे. मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नौरू हाउस’ उभे राहिले. ते २००४ साली विकावे लागले. लंडनमध्ये १९९३ साली लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीत नाटकात नौरूचा पैसा गुंतवला गेला. ते नाटक काही आठवड्यांतच बंद पडले. एअर नौरूचे शेवटचे विमान २००५ च्या डिसेंबरात कर्जापोटी जप्त झाले. तिजोरी अशी रिकामी झाल्यानंतरही २००६ नंतरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत नौरूचे लिफ्टर पदके घेत राहिले. खनिज हेच खरे कारण असते तर खनिज संपताच पदकेही संपायला हवी होती. फॉस्फेटच्या पैशातून नौरूने जे जे घडवले त्यात सर्वांत टिकाऊ ठरली ती वेटलिफ्टिंगची परंपरा, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन.

दुसरा आक्षेप पदकांच्या मोजणीचा. १९९० ते २००२ या काळात राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या प्रत्येक वजनी गटात स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन अशी तीन स्वतंत्र पदके दिली जात. व्हिक्टोरियात १९९४ साली आणि क्वालालंपूरमध्ये १९९८ साली स्टीफन यांनी प्रत्येकी तीन सुवर्णपदके घेतली आणि मँचेस्टरमध्ये २००२ साली तीन रौप्यपदके. चार स्पर्धांत सात सुवर्ण आणि पाच रौप्य हा आकडा त्या नियमामुळे फुगलेला आहे, हे खरे आहे. आजच्या नियमाने, म्हणजे केवळ एकूण वजनावर मोजले तर दोन सुवर्ण आणि दोन रौप्य उरतात. समितीच्या इतिहासात दोन्ही हिशेब शेजारी शेजारी छापले जावेत असे मला वाटते, कारण लहान देशाची कामगिरी फुगवून सांगितली की ती खोटी वाटू लागते. पण कमी धरलेला हिशेबही काय सांगतो? सलग चार राष्ट्रकुल स्पर्धा, बारा वर्षे, आणि प्रत्येक वेळी पहिल्या दोघांत जागा. शिवाय १९९९ साली अथेन्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत क्लीन अँड जर्कचे रौप्यपदक, ज्यात राष्ट्रकुलाच्या मर्यादित वर्तुळाचा प्रश्नच येत नाही. याच्या उलट, दरडोई पदकांच्या याद्या करून नौरूला जगात पहिले ठरवणारे जे उत्साही लेखक आहेत त्यांच्याशीही मी सहमत नाही. दहा हजारांनी भागले की कोणताही आकडा डोंगराएवढा होतो. त्यातून खेळाबद्दल काहीच कळत नाही.

परदेशी प्रशिक्षकाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. मोठ्या देशांचेही खेळाडू परदेशी प्रशिक्षकांकडे घडतात आणि त्यांच्या पदकांवर कोणी शंका घेत नाही. नोंद घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे : पॉल कॉफा यांनी पुढे प्रशांतातल्या सर्व छोट्या देशांसाठी मिळून फिजीतल्या सिगाटोका इथे २००२ साली ओशिआनिया वेटलिफ्टिंग इन्स्टिट्यूट उभारली, ती नंतर न्यू कॅलेडोनियात हलली. एकट्या नौरूला किंवा एकट्या किरिबातीला न परवडणारी गोष्ट सगळ्या बेटांनी मिळून परवडवली. नौरूच्या समितीचे यश मोजताना हे प्रादेशिक जाळे वगळले तर चित्र अपुरे राहील.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र चौथा. तो असा की ही संस्था नव्हेच, ही एका माणसाची सावली आहे. स्टीफन हेच खेळाडू होते, पुढे २००३ साली ते संसदेत निवडून आले, २००७ ते २०११ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, नंतर संसदेचे सभापती झाले आणि ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. अटलांटाच्या पथकातले क्विन्सी आणि नंतर तीन ऑलिंपिक खेळलेले इट्टे हे दोघे डेटेनामो बंधू. एका घरात, एका मित्रमंडळात फिरणाऱ्या पदांना संस्था कसे म्हणायचे? मोठ्या देशात अशी गुंफण दिसली तर आपण तिला हितसंबंध म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. नौरूतही देखरेखीची गरज कमी होत नाही. उलट जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे हिशेब अधिक काटेकोर हवेत. पण दहा-बारा हजारांच्या देशात एका माणसाने चार टोप्या घालणे हा अपवाद नसून नित्याचा व्यवहार आहे. शाळेचा मुख्याध्यापकच पंच असतो आणि खासदारच संघव्यवस्थापक. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की त्या माणसाने खेळणे थांबवल्यावर काय घडले. स्टीफन २००२ नंतर स्पर्धेतून निवृत्त झाले. त्या वर्षीच्या मँचेस्टर स्पर्धेतच त्यांच्या बरोबरीने रेआना सॉलोमन यांनी स्त्रियांच्या ७५ किलोवरील गटात सुवर्ण जिंकले होते आणि नौरूची पदकसंख्या दोन आकड्यांत गेली होती. दिल्लीत २०१० साली युकिओ पीटर यांनी ७७ किलो गटात सुवर्ण मिळवले (याच गटात भारताच्या सुधीरकुमार चित्रदुर्ग यांना कांस्य मिळाले) आणि इट्टे डेटेनामो यांनी १०५ किलोवरील गटात रौप्य. २०१४ साली ग्लासगोत डेटेनामोंनी पुन्हा रौप्य घेतले, २०१८ साली गोल्ड कोस्टला शारिस्मा अमो-टारंट यांनी. आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला, जिथे सांगलीच्या संकेत सरगर यांच्या रौप्यपदकाने भारताचे खाते उघडले, त्याच वेटलिफ्टिंग मंचावर मॅक्सिमिना उएपा यांनी स्त्रियांच्या ७६ किलो गटात कांस्य पटकावले. वीस वर्षे, पाच वेगवेगळी नावे, त्यांतल्या तीन स्त्रिया. सावली असती तर तिने माणसाबरोबर जागा सोडली असती.

तरीही या यादीतल्या एका नावापाशी थांबायला हवे. अमो-टारंट यांनी २०१८ साली नौरूसाठी रौप्य जिंकले आणि २०२२ साली त्यांनी कांस्य जिंकले ते ऑस्ट्रेलियासाठी. त्यांच्या निर्णयाला दोष देण्याचे काहीच कारण नाही. खेळाडूचे आयुष्य छोटे असते आणि सोयी जिथे आहेत तिथे जाणे हा त्याचा हक्क आहे. पण संस्थेच्या दृष्टीने ही घटना १९९२ ची आठवण करून देते. तेव्हा समिती नव्हती म्हणून खेळाडू दुसऱ्या झेंड्याखाली गेला. आता समिती असूनही गेला. मान्यतेचा कागद मिळाल्याने एक अडचण सुटली, खेळाडूला बेटावर किंवा बेटाशी बांधून ठेवणारी शिष्यवृत्ती, वैद्यकीय आधार, खेळानंतरची नोकरी या अडचणी सुटल्या नाहीत. आधी खेळाडू आणि मग समिती या क्रमाचा तोटा इथे दिसतो. समितीला तयार खेळाडू मिळाला होता, त्यामुळे खेळाडू तयार करण्याची आणि राखण्याची यंत्रणा ही तिची पहिली चिंता कधीच नव्हती.

दुसरा तोटा एका खेळावरच्या भिस्तीचा. पाच संघटना कागदावर असल्या तरी मान एकाच खेळाने मिळवून दिला. बेटावरचा खरा लोकप्रिय खेळ ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल. लिंकबेल्ट ओव्हलवर तो वर्षानुवर्षे खेळला जातो, पण ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नाही. वेटलिफ्टिंगला जागा होती, आणि नेमकी तीच आक्रसत गेली. उत्तेजक द्रव्यांची प्रकरणे आणि आंतरराष्ट्रीय महासंघातला गैरकारभार यामुळे ऑलिंपिकमधल्या लिफ्टरांची संख्या रिओतल्या २६० वरून टोकिओत १९६ आणि पॅरिसमध्ये सुमारे १२० वर आणली गेली. हे गैरप्रकार नौरूने केले नव्हते, तरी त्यांची झळ त्याला बसली. रिओत २०१६ साली एल्सन ब्रेख्टेफेल्ड वेटलिफ्टिंगमध्ये आणि ओव्हिनी उएरा जूडोमध्ये उतरले. टोकिओत नॅन्सी गेंझेल अबोके वेटलिफ्टिंगमध्ये आणि जोना हॅरिस १०० मीटर धावण्यात. २०२४ च्या पॅरिसमध्ये नौरूचे संपूर्ण पथक म्हणजे विन्झार काकिओउआ हा एकच धावपटू. १९९६ मध्ये तीन लिफ्टरांनी सुरू झालेला ऑलिंपिक प्रवास अठ्ठावीस वर्षांनी एकाही लिफ्टरविना पार पडला.

एक धावपटू पाठवणे ही सार्वत्रिकतेच्या नियमाने छोट्या देशांना दिलेली सवलत आहे, आणि ती नसावी असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की पात्रता न गाठलेल्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये धावल्याने दर्जा खालावतो. नौरूचा इतिहास याला थेट उत्तर देतो. सवलतीची जागा ही शेवटची पायरी असेल तर आक्षेप योग्य. पण नौरूने ज्या ज्या वेळी दार उघडे मिळाले त्या त्या वेळी पुढे जाऊन दाखवले आहे. ऑकलंडच्या दारातून गेलेला खेळाडू नऊ वर्षांनी जागतिक रौप्य घेऊन परतला. आता समितीपुढचे काम असे की धावणे आणि जूडो यांनाही वेटलिफ्टिंगसारखी प्रादेशिक प्रशिक्षणाची सोय मिळवून द्यायची, आणि तीही फॉस्फेटच्या पैशाविना. नौरूला अजून ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. ते कधी मिळेल याचे भाकीत करणे माझे काम नाही. पण यापुढच्या स्मरणिकेत पदकविजेत्यांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी छापली जावी अशी माझी समितीला विनंती आहे : दर वर्षी किती मुलामुलींना कोणत्या खेळात, कोणाच्या हाताखाली आणि किती काळ प्रशिक्षण मिळाले, आणि त्यांतले किती जण तीन वर्षांनीही सरावाला येत होते.